गुळवे सरांचा शेरा

बार्शीत गुळवे सरांचं चित्र ज्याच्या भिंतीवर नाही असा माणूस शोधायला वेळ लागेल, आणि ते चित्र ज्यानं विकत घेतलंय असा माणूस तर सापडणारच नाही. सन २०३८ उजाडलं तरी यात काडीचा फरक पडला नव्हता.

श्रीधर गुळवे तेहतीस वर्षं गावातल्या हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल-नारळ हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं, की आजवर दुसऱ्यांची चित्रं तपासली, आता स्वतःची काढणार. बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं घरच्यांना जड जातात, हे त्यांच्या पत्नीला, शैलाताईंना, पहिल्या वर्षातच कळलं. सर खरोखरच चित्रं काढत सुटले. आणि गावकरी खरोखरच ती नेत सुटले. कुणाची वास्तुशांत, कुणाच्या पोराची मुंज, कुणाच्या दवाखान्याचं उद्घाटन. यायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, सर, तुम्ही काय आपल्यातलेच, एखादं लहानसं द्या की.

सर पडले भिडस्त. किंमत सांगायला तोंड उघडायचे, जीभ टाळूला चिकटायची आणि बाहेर पडायचं, "न्या हो, त्यात काय." स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. दातांच्या डॉक्टरांनी दोन मोठी चित्रं नेली आणि बदल्यात सरांची दाढ फुकट उपटून दिली. ती दाढ चांगली होती असं सर अजून म्हणतात.

एवढं वाटूनही घरात साठेक चित्रं उरलीच. दिवाणाखाली चित्रं, कपाटामागे चित्रं, आणि धान्याच्या खोलीत इतकी चित्रं, की गव्हाची कोठी बाहेर गॅलरीत काढावी लागली. शैलाताईंचा सगळा राग त्या कोठीवरून होता. हात तुमचा असला तरी गहू माझे आहेत, असं त्या दर आठवड्याला एकदा ऐकवायच्या.

एक चित्र मात्र सरांनी कुणाला दिलं नव्हतं, कारण ते पुरं होत नव्हतं. त्याचं नाव 'चित्रकलेचा तास'. शिक्षकाच्या खुर्चीतून दिसतो तसा वर्ग: चाळीस मुलं, खिडकीतून आलेलं तिरपं ऊन, बाकावर पाण्याच्या वाट्या, आणि सगळ्या माना कागदावर झुकलेल्या. सर नऊ वर्षं त्याच्यापुढे उभे राहत होते. काहीतरी चुकलंय हे त्यांना समजायचं, काय ते उमजायचं नाही. दुसऱ्याच्या चित्रातली चूक ते दारातून आत येता येता सांगत. स्वतःच्या चित्रापुढे नुसते चष्मा पुसत बसत. सरांची इच्छा एवढीच होती, की हे चित्र एकदाचं बरोबर व्हावं आणि कुणीतरी ते नीट बघून, दाम मोजून न्यावं. त्याशिवाय आपल्याला चित्रकार म्हणवून घ्यायची त्यांना लाज वाटायची.

शेवटी शैलाताईंनीच मोबाइलवर 'हुबेहूब'चा अर्ज भरला. वेबसाइटला भीड नसते, ती पहिल्यांदा पैसे घेते आणि मग चित्र देते, असं त्यांचं साधं गणित होतं.

आता हे 'हुबेहूब' काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. मागणी येईल तशी छपाई करणाऱ्या वेबसाइटी तोवर जुन्या झाल्या होत्या. चित्रकारानं चित्र चढवायचं, गिऱ्हाइकानं ते कपावर, उशीवर, टी-शर्टवर मागवायचं, कंपनीनं छापून घरपोच पाठवायचं आणि चित्रकाराच्या हातावर चिमूटभर ठेवायचं. पण छापील चित्र शेवटी सपाटच, आणि लोक त्या सपाटपणाला कंटाळले होते. 'हुबेहूब'नं त्यावर दोन यंत्रं काढली. पहिला एक पट्टा, कोपराच्या खाली बांधायचा. आपण रेघ मारायचं ठरवलं, की बोटं हलायच्या आधी हाताच्या स्नायूंतून विजेच्या बारीक लहरी धावतात. पट्टा त्या सेकंदाला दोन हजार वेळा टिपायचा: दाब किती, कंप कुठे, हात अडतो कुठे. पट्ट्याला एक बारीक डोळाही होता. समोर काय आहे आणि त्यावर हात काय करतो, याच्या तो जोड्या लावायचा. तीन आठवड्यांत माणसाचा 'हस्तनमुना' तयार.

दुसरं यंत्र पुण्याच्या कारखान्यात. ते केसाएवढ्या सुयांनी खरा रंग थरावर थर चढवायचं, त्या हातानं ज्या क्रमानं चढवला असता अगदी त्याच क्रमानं. बोट फिरवलं तर रंगाचा उंचवटा लागायचा. गिऱ्हाइकानं कुठलाही फोटो पाठवायचा, कुणाचा हात हवा ते निवडायचं, आणि चार दिवसांत चित्र दारात. चित्रकारानं घरी पाठ खाजवत बसलं तरी चालायचं.

पट्टा घेऊन कंपनीची शाल्मली नावाची मुलगी आली. अंगानं काडी आणि बोलायला लाघवी. तिनं बजावलं, की एकवीस दिवस पट्टा काढायचा नाही आणि तुमचा हात रोज जे करतो तेच करायचं. सरांनी हे शब्दशः पाळलं आणि तिथंच घोटाळा झाला. दिवस एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे होते. सकाळ-संध्याकाळ गावातली पोरं कागदांच्या सुरळ्या घेऊन ओसरीवर हजर. सर रोज तासभर ब्रश धरत, त्यातला पाऊण तास 'चित्रकलेचा तास' पुढे नुसते उभे असत, आणि उरलेला दिवस हातात लाल पेन्सिल. एकवीस दिवसांत त्यांनी नऊशे कागद तपासले. प्रत्येकावर शेरा. मोठी चूक असेल तर खाली त्यांचं ठेवणीतलं वाक्य, पालकांची सही आणावी.

पहिली मागणी नागपूरच्या एका वकीलबाईंची आली, दिवंगत वडिलांच्या चित्राची. चार दिवसांत चित्र पोचलं. रंग सरांचे, ब्रशचे फटकारे सरांचे, आणि उजव्या कोपऱ्यात लाल तिरप्या अक्षरात: 'हनुवटी वर हवी. घाई झाली आहे. १० पैकी ६.'

शाल्मलीनं लगेच वकीलबाईंना फोन करून पैसे परत द्यायची तयारी दाखवली. बाई म्हणाल्या, खबरदार चित्राला हात लावाल तर. बाबांनी जन्मभर मान खाली घालून नोकरी केली, आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना मान वर करायला सांगितलं. बोलता बोलता त्या रडायला लागल्या, मग हसायला लागल्या, आणि त्यांनी चित्र फेसबुकवर टाकलं.

मग काय विचारता. महिन्याभरात सगळ्यांना गुळवे सरांचा हात हवा झाला, आणि हात म्हणजे शेरा. कोथरूडच्या एका जोडप्यानं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो पाठवला, त्यावर आलं, 'दोघांमधली जागा मोकळी सोडली आहे. का?' ते दोघे त्या रात्री म्हणे दोन वाजेपर्यंत बोलत बसले. एका पुढाऱ्याच्या चित्रावर आलं, 'नाक प्रमाणात. बाकी तपासावे.' इचलकरंजीच्या साठीतल्या एका कारखानदाराला पालकांची सही आणावी असा शेरा मिळाला, तर पठ्ठ्यानं गावी जाऊन पंच्याऐंशीच्या आईची सही आणली आणि चित्र ऑफिसात लावलं. माणसाचं कौतुक करणारे पुष्कळ झाले होते त्या काळात, मोबाइलसुद्धा उठसूट कौतुक करायचा. नीट बघून चूक दाखवणारं कुणी उरलं नव्हतं. लोक शेऱ्याला भुकेले होते असंच म्हणायचं.

बार्शीकर मागे राहणार थोडेच? ज्यांनी फुकट चित्रं नेली होती, ते ती काखोटीला मारून परत आले. सर, आमच्यावर शेराच नाही, तेवढा मारून द्या. अर्थात फुकट. दातांचे डॉक्टर दोन्ही चित्रं घेऊन आले आणि दुसऱ्या दाढेकडे बघायला लागले, तेव्हा सर तोंड मिटून आत निघून गेले. स्वतःच्या चित्रावर शेरा काय मारणार? ते जमत असतं तर नऊ वर्षं चष्मा कशाला पुसला असता?

सरांना वाईट वाटलं, आणि चांगलंच वाईट वाटलं. त्यांनी शाल्मलीला फोन लावून विचारलं, की यंत्रानं माझं चित्र सोडून शेराच का उचलला? पोरगी खोटं बोलणारी नव्हती.

"सर, यंत्राला चित्र कळत नाही, खात्री कळते," ती म्हणाली. "चित्र काढताना तुमचा हात दर चार सेकंदाला अडखळतो. शेरा लिहिताना एकदाही अडखळत नाही. त्यामुळे त्याला वाटलं, चित्र काढणं ही तुमची सवय आहे आणि शेरा ही कला."

सर त्या दिवशी जेवले नाहीत. शैलाताईंनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा नवा करार आला. पट्टा पुन्हा बांधायचा, या वेळी दोन वर्षं. रोज सहा तास फक्त शेरे. आणि एक अट: या काळात ब्रश धरायचा नाही, कारण चित्र काढताना हात जो अडखळतो त्यानं नमुना बिघडतो. त्या बदल्यात जी रक्कम होती ती शैलाताईंनी दोनदा वाचायला लावली. सर सदुसष्ट वर्षांचे. दोन वर्षांनी हात साथ देईल याची खात्री कोण देणार? उजव्या अंगठ्याला आताच थरथर सुरू झाली होती. म्हणजे 'चित्रकलेचा तास' कायमचा अर्धवट राहणार, हे कागदावर कुठेही लिहिलेलं नसलं तरी सरांना वाचता आलं.

शैलाताई म्हणाल्या, मी यात काही बोलणार नाही. त्यांच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य सरांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्यामुळे ते जास्तच घाबरले. दोन दिवस नाही-होय करून त्यांनी शाल्मलीला कळवलं, की गुरुवारी अकराला या, सही करतो.

गुरुवारी दहा वाजता दारात एक पंचेचाळिशीचा माणूस उभा राहिला. हाताला तांब्याच्या तारेचे वळ, खिशाला टेस्टर. मार्केट यार्डाजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा सिकंदर मुलाणी. सरांनी त्याला नावासकट ओळखलं, कारण इंटरमिजिएटला सलग दोनदा नापास झालेला त्यांचा तो एकटाच विद्यार्थी. फुकट चित्राला आला असेल म्हणून शैलाताईंनी भांडं हातात घेऊन ठेवलं.

पण सिकंदर म्हणाला, मला चित्र विकत घ्यायचंय. त्यानं आधी 'हुबेहूब'वरनं दुकानाचं एक चित्र मागवलं होतं. त्यावर आलं होतं, 'तारा मोजून काढाव्या. १० पैकी ३.' त्याला काही मजा आली नाही.

"तुम्हीबी मला तीनच मार्क दिलते, सर," सिकंदर म्हणाला. "पण ते माझ्याकडं बघून दिलते."

सरांनी त्याला धान्याच्या खोलीत नेलं. सिकंदर उकिडवा बसला आणि एकेक चित्र उजेडाला धरून बघायला लागला. जळलेली मोटार उघडून बघावी तसा बघत होता, वरून खाली, मग मागची बाजू. अर्धा तास गेला. इतका वेळ सरांच्या चित्राकडे त्यांच्याशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. शैलाताईंनी भांडं खाली ठेवलं आणि त्यात चहाचं आधण चढवलं.

शेवटी तो 'चित्रकलेचा तास' पुढे आला आणि थांबला. खिडकी ओळखली, गळका माठ ओळखला, शेवटचं बाक ओळखलं. मग डोकं खाजवायला लागला.

"एक बोलू का, सर? रागवणार न्हाई ना?"

सर म्हणाले, बोल.

"तुमच्या तासाला कागदाकडं कोण बघायचं? आम्ही सगळी पोरं तुमच्या लाल पेन्सिलीकडं बघायचो. आता कुणाच्या बाकावर येतीय म्हणून. चाळीसच्या चाळीस. तुम्हाला कसं दिसणार? तुमचीच मान वहीत असायची."

सर चित्राजवळ गेले. नऊ वर्षं जी चूक सापडत नव्हती ती समोर उभी होती. माना वर हव्या होत्या. चाळीस जोडी डोळे, सगळे त्यांच्याकडे लागलेले, आणि त्यांनी तेहतीस वर्षांत एकदाही वर बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि तरीही त्यांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी चष्मा काढला.

एवढ्यात शाल्मली पट्ट्याचा डबा घेऊन आली. कुणाचं लक्ष नाही असं बघून ती दारातच उभी राहिली.

सिकंदरनं किंमत विचारली. सरांची जीभ सवयीनं टाळूला चिकटली. कसेबसे म्हणाले, दे दोन हजार.

"परत करा," सिकंदर म्हणाला. हा सरांचाच शेरा, वर्गात रोज वीसदा ऐकू यायचा.

"पाच?"

"परत करा. नीट मोजून."

सर घाबरत घाबरत बारावर गेले, तिथून वीसवर. पंचवीसला सिकंदरनं मान डोलावली. गिऱ्हाईक भाव चढवतंय आणि विकणारा तो पाडायला बघतोय, असा सौदा मार्केट यार्डातही कधी झाला नसेल.

सर लगेच ब्रश शोधायला लागले. दोन महिने दे, सगळ्या माना वर करून देतो, म्हणाले. पण सिकंदर चित्रापुढे आडवा उभा राहिला. हे असंच पाहिजे, तो म्हणाला. तुम्हाला आम्ही असेच दिसत होतो, तर असेच राहू द्या. वर बघणारी पोरं दुसऱ्या चित्रात काढा, त्यासाठी कोरा कागद घ्या. यावर मात्र नुसता शेरा मारून द्या.

सरांनी लाल पेन्सिल घेतली. शाल्मलीनं हळूच डबा उघडून विचारलं, सर, हा एक शेरा पट्टा बांधून लिहिता का? सरांनी मानेनंच नाही म्हटलं. मग ते चित्राच्या कोपऱ्याशी वाकले. पेन्सिल टेकली, थांबली, उचलली, परत टेकली. शाल्मली बघत होती. जो हात शेरा लिहिताना कधी अडत नव्हता, तो एका ओळीत सहा वेळा अडला.

'मुलांच्या नजरा चुकल्या आहेत. चूक शिक्षकाची.'

शाल्मलीनं डब्याचं झाकण लावलं. ती म्हणाली, की या हाताला यंत्र आता नापास करेल. सर म्हणाले, करू दे. जुना नमुना आहे त्यावर तुमचं दुकान चालू ठेवा, लोकांना शेरे हवेत तर मिळू देत. हा हात मला लागणार आहे. तिनं करार घडी करून पर्समध्ये टाकला आणि जाताना दिवाणाखालचं एक छोटं चित्र बघायला मागितलं. सरांनी तिला किंमत सांगितली. आवाज कापला, पण सांगितली.

सिकंदर अजून चित्रापुढेच होता. मार्क राहिले की, तो म्हणाला. सरांनी 'दहा पैकी' लिहिलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. सिकंदरनं ती पेन्सिल आधी निरखून घेतली. तेहतीस वर्षांत ती कुठल्याही पोराच्या हातात गेली नव्हती. पुष्कळ विचार करून त्यानं सात लिहिले, आणि मग चित्र उचलता उचलता परत खाली ठेवलं.

"सर, नियम म्हणजे नियम. पालकांची सही पाहिजे."

सरांचे आई-वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. सर काही बोलणार तोच शैलाताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ट्रे ठेवला, पदराला हात पुसले, चष्मा लावून शेरा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि लाल पेन्सिलीनं खाली सही केली, सौ. शैला श्रीधर गुळवे.

"पुढच्या वेळी हे माना वर काढतील," त्या सिकंदरला म्हणाल्या. "मी लक्ष ठेवते."

मग त्यांनी त्याला चहा दिला, आणि आलाच आहेस तर गॅलरीतली ती गव्हाची कोठी तेवढी आत घ्यायला हात लाव, म्हणाल्या.